कांद्याचें सोंवळें आणि गाईचें मरण

भवानी पेठेंतल्या विणकराच्या शिदोरींत काय असतें? ज्वारीची भाकरी, बुक्कीनें फोडलेला कांदा आणि लसूण घालून कुटलेली शेंगांची चटणी. याच शिदोरीवर सोलापूरच्या चादरी विणल्या गेल्या आणि बार्शी-मोहोळचीं रानें नांगरलीं गेलीं. पण सोंवळ्यांतल्या शास्त्रीबोवांना विचारा, ते नाक मुरडून म्हणतील, "शिव शिव! तामस!" घाम गाळणाऱ्याचें अन्न तेवढें तामस, आणि त्याच्या घामावर पोसलेलें साजूक तूप मात्र सात्त्विक!

द्विजानें जाणूनबुजून लसूण-कांदा खाल्ल्यास तो पतित होतो, असें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे. पण दुखणें आलें कीं शास्त्र वाकतें. 1890 सालीं मध्य आशियांत कुचा येथें सांपडलेल्या, सुमारें दीड हजार वर्षांच्या जुन्या बावर पोथींत लसणाचे गुण भरभरून गाइले आहेत. लसूण असुराच्या रक्तांतून उपजला म्हणून ब्राह्मणानें खाऊं नये, हेंही तींत आहे. आणि पळवाटही आहे! गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावें, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाचे देठ चारावे, आणि तिचें दूध-तूप ब्राह्मणानें खुशाल घ्यावें! गुण पाहिजे, विटाळ नको. विटाळ गाईनें पोटांत घ्यावा!

आतां विज्ञान काय सांगतें तें पहा. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेंचली कीं आंतील गंधकयुक्त द्रव्यापासून ॲलिसिन तयार होतें. 1944 सालीं अमेरिकेंत कॅव्हॅलिटो व बेली यांनीं तें वेगळें काढून तें जंतुनाशक आहे हें दाखविलें. कांदा चिरतांना डोळ्यांस पाणी आणणारी वाफही गंधकाचीच. लसणानें वाढलेला रक्तदाब थोडाफार उतरतो. पण सोंवळ्याची थाप नको तशी वैदूची थापही नको. डॉक्टरची गोळी टाकून लसूण चघळूं नका. वाटलेला कच्चा लसूण मुलाच्या अंगावर बांधला तर कातडी भाजते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर अति लसूण खाण्यापूर्वीं डॉक्टरास विचारा.

खरें विष आहे तें गुरांना. कांद्यांतील गंधकद्रव्यांनीं गाईच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. हें लगेच दिसत नाहीं. कांहीं दिवसांनीं जनावर गळून जातें, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबडी-काळी होते आणि प्रसंगीं जनावर मरतें. शेळ्यामेंढ्या पुष्कळ सोसतात. कुत्र्याला मात्र अंगाच्या दर किलो वजनामागें 15 ते 30 ग्रॅम कांदाही बाधतो. मांजराला त्याहून कमी. शिजवून किंवा वाळवून हा दोष जात नाहीं.

2023 च्या फेब्रुवारींत बार्शी तालुक्यांतील बोरगांवच्या एका शेतकऱ्यानें 512 किलो कांदा सोलापुरांत विकला. भाडें, हमाली, तोलाई वजा जातां हातीं पडला 2 रुपयांचा चेक, आणि तोही पुढच्या तारखेचा! असा भाव आला कीं कांदा बांधावर ओतला जातो आणि दावें सुटलेली गाय त्यावर पडते. आधीं पीक गेलें, मग दुभतें गेलें. गोमातेच्या नांवानें गळा काढणाऱ्यांपैकीं किती जणांनीं खेड्यांत येऊन ही एवढी गोष्ट सांगितली?

सोंवळ्याचें राज्य संपलें असें समजूं नका. शेजारच्या कर्नाटकांत 2018-19 सालीं सरकारी शाळांतील मुलांना जेवण पुरविणाऱ्या अक्षयपात्र संस्थेनें त्यांत कांदा-लसूण घालण्यास नकार दिला. त्यावांचूनही पोषण पुरतें, असा तज्ज्ञांचा दाखला पुढें आला. असेल! पण तें अन्न मुलाच्या पोटांत गेलें तर पोषण! घरीं जी चव जिभेवर बसली, ती सरकारी पंगतींत अपवित्र कां?

बांधवहो, शाळेच्या पालकसभेंत हा प्रश्न उभे राहून विचारा. बाजार समितीस सांगा, आवाराच्या दाराशीं मोठ्या अक्षरांत पाटी लावा: "न विकलेला कांदा गुरांपुढें ओतूं नका, जनावरांच्या डॉक्टरास आधीं विचारा." पाटीला चार पैसे लागतील, गाय मेली तर घर बुडतें. तुम्ही कांदा खा, ताठ मानेनें खा. शिवाशिवीचा हिशेब ज्याचा त्यानें ठेवावा. आपण गुणदोषांचा ठेवूं.