पावसाची नोंद कोणासाठी?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर परस्परांस छेदतात. पश्चिमेस माळशेज घाटात पावसाची झोड उठलेली असते, तेव्हा पूर्वेस आणे पठारावरचा शेतकरी ढगांची वाट पाहत असतो. एकाच रस्त्यावर आभाळाची अशी दोन रूपे! तेथे डांबर केव्हा पडावे हे हवामानाने ठरवावयास हवे. ठरवते ती मार्चअखेरच्या खर्चाची घाई.

नियम नाहीत असे नव्हे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाची विनिर्देश-पुस्तिका स्पष्ट सांगते की, पाऊस वा धुके असताना, पृष्ठभाग ओलसर असताना किंवा हवेचे तापमान १० अंशांखाली असताना साधे डांबरी मिश्रण अंथरू नये. ओल्या खडीस डांबर चिकटत नाही; गार हवेत रोलर फिरण्यापूर्वीच मिश्रण निवते, आत पोकळ्या राहतात आणि पुढल्या पावसाळ्यात त्यांतून पाणी शिरते. कामाच्या दैनंदिन नोंदीत हवामानाचा रकाना असतो, परंतु तो ठेकेदाराच्याच माणसाने भरावयाचा!

वास्तविक निःपक्षपाती साक्षीदार उपलब्ध आहे. 'महावेध' प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सारे तेथे मोजले जाते. या आकड्यांवर फळपीक विम्याचे दावे तोलले जातात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तरच ती अतिवृष्टी, हा शेतकऱ्यासाठीचा निकष. ६४ भरले, की कांदा कुजला तरी ती अतिवृष्टी ठरत नाही. रस्ता उखडला, म्हणजे मात्र 'अतिवृष्टीमुळे' हा एक शब्द पुरतो. किती मिलिमीटर? कोणत्या तारखेस? शेतकऱ्यास विचारले जाणारे हे प्रश्न ठेकेदारास कोण विचारतो?

हवामानाचे अंदाज चुकतात, असे उत्तर येईल. ते येथे गैरलागू आहे. मुद्दा होऊन गेलेल्या पावसाच्या नोंदीचा आहे. डांबरीकरणाच्या प्रत्येक देयकास त्या तारखेची मंडळनिहाय नोंद जोडावी. दोहोंत विसंगती आढळल्यास देयक रोखावे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. जुन्नर-आंबेगावातील कार्यकर्त्यांनी मोजमाप पुस्तकातील तारखा मागवून त्या पावसाच्या आकड्यांशेजारी मांडाव्यात.

यात मजुराचा विसर पडता कामा नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रीची मजुरी तिने फोडलेल्या खडीच्या मापावर ठरत असे; तिच्या कामाचे माप चोख घेतले जाई. आज सर आली आणि काम थांबले, तर रोजंदारीवरील मजुराची चूल थंडावते. मग ओल्या रस्त्यावर डांबर पडताना त्याने हात आवरावा तरी कसा? म्हणून पावसामुळे काम थांबलेल्या दिवसाची मजुरी निविदेतच धरली गेली पाहिजे, आणि तीही त्याच केंद्राच्या नोंदीवरून.