पाणी शिळे होत नाही

आम्ही शाळेत मापे शिकलो, म्हणून मी घरचा हंडा मापला. त्यात १५ लिटर पाणी बसले. मग दिवसभर दर हंड्याला भिंतीवर खडूने रेघ मारली. १६ हंडे झाले, म्हणजे २४० लिटर. घरात आम्ही ५ जण. माणशी ४८ लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. मला वाटले, आपण काटकसरीच आहोत!

पण त्यातले दोन हंडे मीच सकाळी मोरीत ओतले होते. आजी म्हणाली होती, "शिळं पाणी ओत, ताजं आणलंय." ३० लिटर पाणी! ते ताईने विहिरीवरून डोक्यावर आणलेले. दुसऱ्या दिवशी मी हंडा उचलून पाहिला. घरापर्यंत तीनदा खाली टेकवला.

मी आजीला विचारले, "विहिरीतलं पाणी पावसाळ्यापासूनचं, ते कसं शिळं होत नाही?" आजी हसली.

माझे मत असे आहे की, स्वच्छ, झाकलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. तरी कोणाला ओतायचेच असेल, तर ज्याने ओतले त्यानेच भरून आणावे.

तुमचा हंडा किती लिटरचा? मोजा बरं!