विमानतळ आणि देशाची सुबत्ता

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें एका लहानशा विमानानें जुहूस उतरले. त्या काळीं एक सपाट मैदान मिळालें म्हणजे विमानाची सोय झाली. आज मुंबईच्या जुन्या विमानतळावरून वर्षाकाठीं साडेपांच कोटींच्या आसपास उतारू जा-ये करतात.

तेथें धांवपट्ट्या दोन आहेत खऱ्या, परंतु त्या एकमेकींना छेदून जातात. एकीवर विमान धांवत असतां दुसरी मोकळी ठेवावी लागते. सभोंवार वस्ती इतकी दाट कीं आणखी एक पट्टी आंखण्यास तसूभर जागा नाहीं. मग दाटीच्या वेळीं आलेलीं विमानें आकाशांत घिरट्या घालीत राहतात, आणि जें तेल आपला देश मोठ्या खर्चानें परदेशाहून आणतो तें ढगांत जळून जातें. म्हणून पनवेल-उलव्याजवळील नव्या विमानतळाचें आम्ही स्वागतच करतों. त्याची कल्पना १९९७ सालीं निघाली, कोनशिला २०१८ सालीं बसली आणि उद्घाटन ता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. कल्पना निघाली तेव्हां जन्मलेलें मूल एव्हांना नोकरीस लागलें असेल!

पहिल्या टप्प्यांत येथें वर्षास दोन कोटी उतारू व पांच लक्ष टन माल यांची सोय आहे. लोक उतारूंचा आंकडा पाहतात. आम्हांस मालाचा आंकडा अधिक मोलाचा वाटतो. जड व स्वस्त माल जहाजानें जातो. परंतु हापूस आंबा, ताजीं फुलें, औषधें यांस वेळ गमावून चालत नाहीं. वाशीच्या बाजारांतील आंब्याच्या पेट्या विमानांत चढवावयाच्या तर खाडी ओलांडून शहराच्या गर्दींतून न्याव्या लागत. नवा तळ खाडीच्या अलीकडेच आहे.

मात्र विमानतळ बांधला कीं संपत्ति पाठोपाठ येते, असें कोणीं समजूं नये. सिंधुदुर्गांतील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं थाटानें सुरू झाला. पुढें तेथील मुंबईचीं विमानें मध्यंतरीं बंद पडलीं. जेथें दाटी आहे तेथें जागा वाढविणें निराळें, आणि शेजारच्या जिल्ह्यास आहे म्हणून आम्हांसहि हवा, हें निराळें.

या नव्या तळासाठीं उलव्याची टेंकडी सपाट केली, नदीचा प्रवाह वळविला आणि दहा गांवें उठविलीं. त्याच्याहि पूर्वीं, नवी मुंबई वसवितांना जमिनी गेल्या, तेव्हां १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत गोळीबार होऊन पांच शेतकरी प्राणांस मुकले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची रीत पडली. विमानतळाच्या गांवांस साडेबावीस टक्के ठरली. भूखंड विकून आलेला पैसा एका पिढींत संपतो, हें आमच्या पालकांस सांगावयास नको. त्या गांवांतील मुलांच्या हातीं विमानतळावर केवळ झाडू व सामानाची गाडी आली, तर देशाची भरभराट त्यांच्या अंगणांतून उडून गेली असेंच त्यांनीं म्हणावें.

वैमानिक व्हावयाचें आहे, असें मुलें आम्हांस नेहमीं सांगतात. विमानाची दुरुस्ती करणारा परवानाधारक यंत्रज्ञ व्हावयाचें आहे, असें अद्याप एकानेंहि सांगितलें नाहीं. त्या शिक्षणास बारावीपर्यंत पदार्थविज्ञान, रसायन व गणित लागतें, आणि हे तीनहि विषय पनवेल-उरणच्या शाळांतून शिकवितां येण्यासारखे आहेत.