आठ तासांच्या शिफ्टचा वाद आजचा, पण शांता आपटे १९३९ मध्येच स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या

२०२५ मध्ये सोशल मीडियावर एक वाद चांगलाच रंगला. अभिनेत्रीने ‘मी दिवसाला आठच तास शूटिंग करणार’ असं म्हणावं का? मे महिन्यात दीपिका पदुकोण ‘स्पिरिट’ सिनेमातून बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या आणि त्यामागे आठ तासांची अट असल्याची चर्चा सुरू झाली. एक गट म्हणाला, हे नखरे आहेत. दुसरा म्हणाला, हा हक्क आहे.

कमेंटमध्ये एक वाक्य सारखं दिसत होतं, ‘पूर्वीच्या नट्या असं कधी करायच्या नाहीत.’

पूर्वीच्या एका नटीने काय केलं होतं, ते आज बघू. तिचं नाव शांता आपटे.

कोण होत्या शांता आपटे?

सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यात दुधनी नावाचं गाव आहे. शांताबाई मूळच्या तिथल्या. दुधनीहून पुण्याला जाणारी रेल्वे सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड अशी येते. म्हणजे दौंडकरांच्या रोजच्या लाइनवरचंच हे गाव.

१९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडकांसोबत त्या पडद्यावर आल्या. १९३४ च्या ‘अमृतमंथन’पासून त्या ‘प्रभात’च्या झाल्या. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं, त्यामुळे ज्याला गाता येतं तोच पडद्यावर गायचा. बरेच कलाकार मैफलीत बसल्यासारखे एका जागी उभे राहून गात. शांताबाईंच्या गाण्यात डोळे, मान, हात सगळं बोलायचं. गाणं थांबून अभिनय सुरू झाला, असं त्यांच्याबाबतीत वाटतच नाही.

‘कुंकू’ का बघावा?

त्यांचा एकच सिनेमा बघायचा असेल तर १९३७ चा ‘कुंकू’ बघा. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो केला. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’ नावाने आला.

गोष्ट अशी, की नीरा नावाच्या तरुण मुलीला फसवून तिचं लग्न म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. वकील काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. नीरा हे लग्न मान्यच करत नाही. ती घर सोडून पळत नाही. त्याच घरात राहून ती रोज नकार देत राहते.

या नीरेला फक्त रडवणं सोपं होतं. शांताबाईंची नीरा चिडते, टोमणे मारते, हसते, हट्टाला पेटते. पुढे काकासाहेबांची अपराधी अवस्था दिसायला लागते, तेव्हा तिचा आवाज खाली येतो, पण नकार मागे येत नाही. इतका बारीक फरक दाखवणं आजही अवघड आहे. या सिनेमात त्या लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कवितासुद्धा गाऊन दाखवतात. विधवा सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. पुढे संततिनियमनाच्या कामासाठी ओळखल्या गेल्या त्याच या.

मग उपोषण कशासाठी?

त्या काळी स्टुडिओ म्हणजे एखाद्या कारखान्यासारखा असायचा. नट, नटी, कॅमेरामन, सुतार सगळे महिन्याच्या पगारावर. करार संपेपर्यंत बाहेर काम करता येत नसे. पगार ठरलेला मिळायचा, पण नटी किती मोठी स्टार झाली तरी तिच्या हातात फार काही नसायचं.

जुलै १९३९ मध्ये पगार आणि करारावरून शांताबाईंचं ‘प्रभात’शी वाजलं. त्या पुण्यातल्या स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उपोषणाला बसल्या. देशात उपोषण हे हत्यार गांधीजींमुळे सगळ्यांना माहीत होतं. सिनेमाच्या नायिकेने ते आपल्याच मालकांविरुद्ध वापरणं मात्र नवीन होतं. त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि त्यानंतर शांताबाई ‘प्रभात’मधून बाहेर पडल्या.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं. हे आत्मचरित्र नाही. सिनेमा ही नोकरी म्हणून कशी आहे, पैसा कोणाचा, मेहनत कोणाची आणि नावं कोणाला ठेवली जातात, याचा त्यात विचार आहे. तेव्हा सिनेमात जाणाऱ्या मुलीकडे समाज वाकड्या नजरेने बघायचा. अशा वेळी एक नटी ‘मी काम करते, मला कामाचा हिशेब द्या’ असं लिहीत होती.

पुढे काय झालं?

करिअर संपलं नाही, पण ‘प्रभात’सारखं घरही परत मिळालं नाही. १९४१ मध्ये त्यांनी तमिळ शिकून ‘सावित्री’ केला. त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. हिंदी सिनेमेही केले. पण पार्श्वगायन रुळत गेलं तशी गाणाऱ्या नटीची गरज कमी झाली. १९६४ मध्ये त्यांचं निधन झालं. व्ही. शांताराम घरोघरी माहीत आहेत, शांताबाईंचं नाव मात्र जुन्या गाण्यांच्या शौकिनांपुरतं उरलं.

आज याचा काय संबंध?

८६ वर्षांनंतर वाद तोच आहे, कामाचे तास, पैसे आणि करार. मल्याळम सिनेसृष्टीतल्या महिलांच्या स्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या शेवटी सरकारला मिळाला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. त्यातही लैंगिक छळासोबत लेखी करार नसणं आणि सेटवर साध्या स्वच्छतागृहाची सोय नसणं हे मुद्दे होते.

दीपिका मोठी स्टार आहे, तिला ‘नाही’ म्हणणं परवडतं. खरा प्रश्न आहे शिरूर किंवा दौंडमधून मालिकेच्या, वेब सिरीजच्या ऑडिशनला पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मुलीचा. एकदा नकार दिला तर पुन्हा बोलावतील का, ही भीती तिला असते.

तिच्यासाठी एक गोष्ट माहीत असणं गरजेचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या कामगार सुरक्षा संहितेत ‘दृक-श्राव्य कामगार’ अशी व्याख्या आहे. तिच्यात नट, गायक, नर्तक, निवेदक येतात. मालिका, वेब सिरीज, जाहिराती, रिअॅलिटी शोही येतात. सरकार ठरवेल त्या वेतनमर्यादेत बसणाऱ्यांना लेखी करार केल्याशिवाय कामावर घेता येत नाही. करारात कामाचं स्वरूप, पैसे, कामाचे तास आणि सोयी लिहाव्या लागतात.

कायदा कागदावर आला म्हणून सेटवर लगेच दिसेल असं नाही. त्यासाठी पहिल्याच दिवशी ‘करार दाखवा’ असं कोणीतरी म्हणावं लागतं. ते म्हणणाऱ्या मुलीला ‘नखरेल’ ठरवण्याआधी ‘कुंकू’ एकदा बघा, आणि त्यातली नीरा पुढे दोनच वर्षांत स्टुडिओच्या फाटकाशी का बसली होती, हेही लक्षात ठेवा.