वाडा पुण्याचाच कशाला?

मार्गशीर्ष लागला की सिद्धेश्वर धरणाच्या आसपास दिवस लवकर आटोपतो. पूर्णेच्या पाण्यावरून येणारं वारं अंगाला झोंबायला लागतं, जेवणं आठच्या आत उरकतात आणि घरदार गोधड्या ओढून टीव्हीसमोर येतं. शेतीची लाईट रात्रपाळीची असेल, तर घरातल्या एकाला नंतर गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला बाहेर पडावंच लागतं. तोवरचे तास-दोन तास मात्र हक्काचे. या वेळेला सर्वांत शोभते ती जुन्या काळाची मालिका. समया, नऊवारी, पागोटी, दिंडी दरवाजा, संथ चालणारी माणसं आणि त्याहून संथ चालणारं कथानक. सासू-सुनांच्या कारस्थानांना कंटाळलेला माणूसही तिच्यासमोर स्वस्थ बसतो. हा आनंद हलका मानायचं कारण नाही. पण तो नेमका कशातून येतो हे तपासलं, तर औंढा नागनाथ तालुक्यातल्या प्रेक्षकाला एक प्रश्न विचारावासा वाटेल. हा आनंद द्यायला दर वेळी पुण्याचा वाडा किंवा रायगडाचा दरबारच का लागतो?

आधी आनंदाचं बघू. जुन्या काळाची मालिका लढायांमुळे आवडते, असा निर्मात्यांचा समज दिसतो. पुरावा उलटा आहे. इंग्लंडमधली 'डाउनटन ॲबी' २०१० ते २०१५ या काळात जगभर पाहिली गेली. तिच्या पहिल्याच भागात टायटॅनिक बुडाल्याची बातमी येते. मालिका समुद्रावर जात नाही, हवेलीतच राहते. तिथे सकाळी नोकर वर्तमानपत्राला इस्त्री करतात, कारण ओली शाई धन्याच्या हाताला लागता कामा नये. एवढ्या एका कृतीत १९१२ सालचा अख्खा समाज उभा राहतो. कोण वाचणार, कोण इस्त्री करणार आणि बातमी आधी कुणाच्या नजरेखालून जाणार, सगळं कळतं. आपल्याकडे २०१२ साली झी मराठीवर आलेल्या 'उंच माझा झोका'ची गंमतही अशीच होती. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली रमा, तिला शिकवायचंच म्हणून हट्टाला पेटलेले न्यायमूर्ती रानडे आणि त्यावरून माजघरात चालणारी टोमणेबाजी. तलवार एकदाही उपसावी लागली नाही. एका मुलीला लिहिता-वाचता येईल की नाही, एवढ्यावर लोक रोज खिळून बसले. त्या मालिकेमागे खुद्द रमाबाईंचं १९१० साली प्रसिद्ध झालेलं आत्मकथन होतं, म्हणून घरातलं बारीकसारीक तिला आयतं मिळालं. जुना काळ जवळचा वाटतो तो अशा तपशिलामुळे. पाणी कुणी भरायचं, पंगतीत कुठे बसायचं, पत्र कुणी वाचून दाखवायचं, हे दिसलं की प्रेक्षक त्या घरातला होतो.

आता मराठी मालिकांचा नकाशा मांडून बघा. दूरदर्शनच्या काळात रणजित देसाईंच्या कादंबरीवरची 'स्वामी' आली, ना. सं. इनामदारांच्या कादंबरीवरची 'राऊ' आली. २००८ साली 'राजा शिवछत्रपती', २०१७ साली 'स्वराज्यरक्षक संभाजी', २०१९ साली 'स्वामिनी'. यांतल्या काही उत्तम होत्या, काही दागिन्यांच्या जाहिरातीसारख्या चकचकीत होत्या. पण सगळ्यांचं बिऱ्हाड पुणे, सातारा आणि रायगड या पट्ट्यात. मराठवाडा दिसतो तो संतांच्या मालिकेत, आपेगाव-पैठणच्या रूपाने. म्हणजे तेराव्या शतकात आम्ही असतो, मग पडद्यावरून नाहीसे होतो आणि थेट दुष्काळाच्या बातमीत परत येतो. मधली १७२४ ते १९४८ ही निजामी राजवटीची सव्वादोनशे वर्षं मराठी दिवाणखान्याला जवळजवळ ठाऊकच नाहीत. त्या वर्षांत इथली माणसं जेवत होती, लग्नं करत होती, कोर्टात भांडत होती, चोरून वर्तमानपत्रं वाचत होती. त्यांचंही माजघर होतं.

ते माजघर किती भरलेलं होतं, याची चुणूक हिंगोली शहरातच मिळते. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगता येतात. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती. त्या फौजेची घोडी, तोफा आणि निवृत्त शिपाई या मोहल्ल्यांच्या नावांत राहून गेले आहेत. कुठल्याही कलादिग्दर्शकाला हेवा वाटावा असा हा ऐवज आहे. उत्तरेला पैनगंगा. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजी अमलाखालचा वऱ्हाड. अलीकडे चालायचा हाली रुपया, पलीकडे कलदार. आणि शंभर कलदार हवे तर सुमारे ११६ हाली मोजावे लागत. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. सरकारी कागदावर साल फसली, वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत आणि घरातल्या पंचांगात शक. आता कल्पना करा, उमरखेडची मुलगी कळमनुरीला द्यायची आहे. हुंडा कुठल्या रुपयांत ठरला, यावरून याद्या मोडायची वेळ येते. नवरीच्या पेटीतल्या नव्या लुगड्यावर नाक्यावरचा कारकून महसूल मागतो आणि वऱ्हाडातल्या मामाला सासरच्यांची उर्दू नोटीस वाचून घ्यायला मौलवींकडे जावं लागतं. हे घर मी रचलं, पण यातला रुपया, नाका आणि नोटीस खरी आहे. असं भांडण असलेला पहिला भाग कोण अर्ध्यावर सोडेल?

कच्चा माल कागदावरही तयार आहे. परभणीत निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या बी. रघुनाथांनी तो काळ जगता जगता लिहिला. 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी मालिकेची वाट बघत पडून आहे. अनंत भालेरावांनी हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम तपशिलाने नोंदवला. त्यात नाट्य शोधावं लागत नाही. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यांतले कित्येक शिक्षण पुरं करायला नागपूरला गेले आणि त्यांच्यातला एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचा पंतप्रधान झाला. देश स्वतंत्र होऊनही तेरा महिने मराठवाडा पारतंत्र्यात होता. त्या दिवसांत मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून काम करत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातली उमरी बँक त्यांनी लुटली आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांसारखी बाई या लढ्यात हत्यार घेऊन उतरली होती. तिच्या घरात त्या वेळी काय बोलणं होत असेल, हे पाहायला मला कुठल्याही दरबारापेक्षा जास्त आवडेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मुळात हे सगळं स्मरणरंजन आहे. थंडीत ऊब हवी म्हणून माणूस गतकाळात शिरतो आणि त्या काळाचे चटके विसरतो. हा आक्षेप झटकण्यासारखा नाही. पेशवाईच्या मालिकेत दिवाणखाना झगमगतो, पण मागच्या दाराने येणाऱ्यांना किती अंतरावर उभं राहावं लागे, ते क्वचित दिसतं. हवेलीच्या मालिकेत धनी इतका प्रेमळ असतो की नोकरी हेच भाग्य वाटावं. पण हा दोष जुन्या काळाचा नाही, निवडीचा आहे. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आणि 'सावित्रीजोती' या मालिकांनी तोच एकोणिसाव्या-विसाव्या शतकाचा काळ मागच्या दारातून दाखवला आणि लोकांनी तोही घरात बसून पाहिला. ऊब आणि चटका एका भागात मावतात. उलट निजामी मराठवाडा दाखवायचा तर देशमुखाची गढी, कुळं, वेठबिगार टाळताच येणार नाही. इथे सत्ता दोन मजली होती. वर हैदराबाद आणि खाली गावचा वतनदार. परक्या राजवटीवर सगळं खापर फोडून आपल्या गढीतला जुलूम झाकायची सोय लेखकाला राहत नाही, आणि ते बरंच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. जुना काळ उभा करायला सेट लागतो, कपडेपट लागतो, आणि प्रेक्षक नसेल तर वाहिनी गाशा गुंडाळते. 'सावित्रीजोती' २०२० मध्येच सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर संपली, हे उदाहरण कुणीही तोंडावर फेकेल. खरं आहे. पण टाळेबंदीत चित्रीकरण थांबलेल्या वर्षावरून विषयाची किंमत ठरवणं अन्यायाचं होईल. शिवाय खर्चाचा मोठा भाग लढाया, हत्ती-घोडे आणि दरबार यांवर जातो. माजघर, नाका, कचेरी आणि नदीचा उतार यांना तो लागत नाही. आणि प्रेक्षक नाही, हे ठरवलं कुणी? खासगी वाहिन्या ज्या रेटिंगवर चालतात, त्या मोजणीत खेड्यातली घरं आली ती ऑक्टोबर २०१५ पासून. त्याआधीची सगळी वर्षं सिद्धेश्वरच्या घरात टीव्ही चालू असला काय नि बंद असला काय, आकड्यात फरक पडत नव्हता. ज्याला मोजलंच नाही, त्याच्या आवडीबद्दल निकाल देण्याची सवय त्या काळात लागली, ती अजून सुटलेली नाही. मराठवाडी बोलीचंही तेच झालं. ती पडद्यावर येते ती बहुधा हशा मिळवायला. तिच्यात कुणी रडतं, प्रेम करतं किंवा वकिली मुद्दा मांडतं, हे प्रेक्षकाला अजून दाखवायचं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड, आणि तो कुजबुजत घेतला जातो. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, विषय म्हणजे निखारा. कशाला हात घालायचा? रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. निजामाची राजवट संपवणाऱ्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सूडाच्या लाटेत निरपराध मुसलमानांचीही हत्या झाली आणि भारत सरकारच्या वतीने पाहणी केलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावं घेतली. दोन्ही गोष्टी ज्यात असतील अशी मालिका काढणं म्हणजे दोन्हीकडून दगड खाणं, असं निर्मात्याला वाटलं तर नवल नाही. पण विषय टाळल्याने तो विझत नाही. तो फक्त लहान लहान क्लिपांच्या हाती जातो, ज्यांत एकाच बाजूचं रक्त लाल असतं. मालिकेची संथ गती इथे कामाला येते. शंभर भाग एका गल्लीत राहिल्यावर शेजारचा बशीरचाचा आणि कोपऱ्यावरचा रझाकार हे दोन वेगळे मुसलमान आहेत, हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. तो त्यांना ओळखत असतो. दोन तासांच्या सिनेमाला ही सवड नसते, मिनिटभराच्या क्लिपेला तर नसतेच.

आणि इतिहासाकडे असं बघायची शिकवण आम्हाला बाहेरून आणायची नाही. 'श्रीमान योगी'ला गाजलेली प्रस्तावना लिहिणारे नरहर कुरुंदकर हिंगोली जिल्ह्यातलेच, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. शिवाजी महाराजांना चमत्कारांच्या धुक्यातून बाहेर काढून त्यांच्या काळाच्या प्रश्नांसमोर उभं करून बघा, हा त्यांचा आग्रह होता. सबंध महाराष्ट्राला ऐतिहासिक कादंबरी कशी वाचावी हे सांगणारा माणूस निजामाच्या मुलखात वाढला, हैदराबादला शिकला, नांदेडला प्राचार्य झाला. त्याच्या मातीतल्या इतिहासाला मात्र पडद्यावर जागा नाही, हे विचित्र आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. भव्यदिव्य काही नको. एक गाव, एक नदी, तिच्या दोन काठांवरची दोन घरं आणि १९३८ ते १९४८ ही दहा वर्षं. लेखकांच्या चमूत उर्दू वाचता येणारा एक माणूस, गढीची बाजू ठाऊक असलेला एक, गावकुसाबाहेरची बाजू ठाऊक असलेला एक, आणि मराठवाडी बोलणाऱ्या बायका. वाहिनीला धाडस नसेल, तर आता सगळा भार वाहिनीवर नाही. ओटीटीवर चाळीस भागांची मालिका निघू शकते, आणि मोबाइल तर रात्री मोटारीपाशी बसलेल्या माणसाच्याही हातात असतो. पुण्याच्या वाड्याशी आमचं वैर नाही, तिथली रमा आम्हालाही आपली वाटली. ती वाटली याचाच अर्थ असा, की कळमनुरीची सूनही पुण्याला आपली वाटेल. फक्त तिला एकदा दार उघडून आत घ्यायला हवं, आणि त्यासाठी आधी आपण, मराठवाड्यातल्या प्रेक्षकांनी, ती मागायला हवी.