मुक्या जिवांचा व्यापार आणि परवाना

फरसाणाचे दुकान उघडावयाचे तर अन्नपरवाना लागतो. धान्याच्या पेढीवरील वजनकाट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा नसेल तर दंड होतो. व्यापारी कुटुंबांना यात काही नवल वाटत नाही. मात्र एखाद्या सदनिकेच्या मागील खोलीत कुत्री कोंडून, तिची पिल्ले हजारो रुपयांना विकणाऱ्याच्या दारी सहसा कोणताही निरीक्षक फिरकत नाही.

नियम नाहीत असे नव्हे. केंद्र सरकारने २०१७ साली श्वानांची पैदास व विक्री यासंबंधीचे नियम जारी केले. त्यांनुसार प्रत्येक ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते व दर दोन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावयाचे असते. अठरा महिन्यांपूर्वी मादीपासून पैदास करता येत नाही. वर्षात एकाहून अधिक वेत नको आणि तिच्या संपूर्ण आयुष्यात पाचाहून अधिक नकोत. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू आईपासून तोडून विकावयाचे नाही. ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. परंतु पिल्लू जितके लहान तितके गोंडस दिसते आणि गिऱ्हाईक तितके लवकर पटते, म्हणून बाजारात तीच प्रथम मोडली जाते.

मोडणाऱ्यास भय तरी कसले? ज्या मूळ कायद्याच्या आधारे हे नियम झाले, तो १९६० सालचा. प्राण्यास क्रूरतेने वागविल्याबद्दल त्यात पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. एका पिल्लाच्या किमतीपुढे ही रक्कम चहापाण्याच्या खर्चाइतकीही नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार श्रावकांना पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. उभेही राहता येऊ नये अशा पिंजऱ्यात मादीला ठेवणे हा बंध नव्हे काय? डौल यावा म्हणून डॉबरमनचे कान कापणे हा छेदच. एकामागून एक वेते लादणे यास अतिभाराहून वेगळे नाव काय द्यावे? शिवाय चपट्या नाकाच्या पगला आयुष्यभर श्वास घेण्याचे कष्ट पडतात, ते माणसाने केलेल्या निवडीमुळे. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी त्याची मागणी वाढली.

समाजातील काही जाणत्यांचा येथे एक आक्षेप असतो व तो उडवून लावण्यासारखा नाही. पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे सजीवांचा व्यापार, आणि असतीपोषण, म्हणजे नफ्यासाठी कुत्री-मांजरांसारखे प्राणी पोसणे, ही दोन्ही वर्ज्य म्हटली आहेत. मग अशा धंद्यास परवाना देणे म्हणजे त्यास प्रतिष्ठा देणे नव्हे काय? श्रावकाने हा धंदा करू नये, हे खरेच. परंतु धंदा करणारे सारे श्रावक नाहीत, आणि त्या खोलीतील मादीला कर्मादानाची यादी वाचता येत नाही. परवान्याने पाप धुतले जात नाही. त्याने केवळ बंद दाराआड जाऊन तपासणी करण्याचा मार्ग मोकळा होतो. मंडळाला पुरेसे निरीक्षक मिळाले आणि दंड पन्नास रुपयांवरून हजारोंच्या घरात नेला, तरच त्या मार्गाचा उपयोग.

मुंबईत १८३२ साली रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या हुकुमावरून दंगल उसळली होती. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय, शेठ मोतीशा आदी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तेथे पांजरापोळ उभी राहिली. त्या काळचे शेठ बेवारस कुत्र्यांसाठी पैसे मोजीत. आज तशाच सुखवस्तू घरांतून जातिवंत पिल्लासाठी पैसे मोजले जातात आणि दोन वर्षांनी कंटाळा आला की तेच कुत्रे रस्त्यावर सोडले जाते.

मुलाच्या वाढदिवसासाठी पिल्लू पाहावयास गेलेल्या पित्याने विक्रेत्याकडे दोनच गोष्टी मागाव्यात: नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पिल्लाची आई. प्रमाणपत्र ‘काढावयास दिले आहे’ असे उत्तर मिळते. आई ‘गावी आहे’, असे सांगितले जाते. पिल्लू तोवर मुलाच्या कुशीत झोपलेले असते, आणि अशा वेळी नोटा परत खिशात ठेवून त्याला खाली ठेवावयास सांगणे पित्याला फार जड जाते.