तपास खुन्याचा की मयताचा?

खून झालेल्या माणसाचे कपाट उघडावेच लागते. त्याचा मोबाइल, बँकेची खाती, घरच्यांपासून लपवलेले कर्ज, चोरून जपलेले नाते, सारे काही तपास अधिकाऱ्याने धुंडाळले पाहिजे. मारेकरी बहुधा तिथेच दडलेला असतो. पण कायद्याने हा अधिकार दिला तो खुन्याच्या मानगुटीला धरण्यासाठी. मेलेल्याच्या अब्रूचा लिलाव मांडण्याचा परवाना पोलिसांना कोणी दिला?

२००८ चे नोएडाचे दुहेरी हत्याकांड आठवा. १६ मेच्या सकाळी १३ वर्षांची मुलगी आपल्या खोलीत मृत सापडली आणि पोलिसांनी बेपत्ता नोकराला खुनी ठरवून टाकले. तो नोकर त्याच इमारतीच्या गच्चीवर मरून पडला होता! गच्चीच्या दाराला कुलूप होते. ते तोडण्याची तसदी त्या दिवशी कोणी घेतली नाही. प्रेत सापडले दुसऱ्या दिवशी. आठवडाभरातच एक बडा पोलीस अधिकारी पत्रकारांपुढे बसून त्या पोरीच्या चारित्र्यावर बोलू लागला. एक कुलूप ज्यांना तोडवले नाही, त्यांनी एका बालिकेचे आयुष्य चव्हाट्यावर फोडले. पुढे या खुनांसाठी त्या मुलीच्याच आईवडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. कायद्याच्या लेखी त्या दोन खुनांचा गुन्हेगार आज कोणीही नाही. बदनामी मात्र उरली, आणि ती मेलेल्यांच्या वाट्याला आली.

हा रोग जुना आहे आणि सातासमुद्रापारही आहे. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफने उत्तर इंग्लंडात १३ स्त्रिया मारल्या. पोलिसांनी आधी बळींचीच प्रतवारी लावली: इकडे वेश्या, तिकडे निष्पाप. खुनी वेश्यांच्याच मागावर आहे, हा ग्रह इतका घट्ट बसला की, त्याच्या तावडीतून वाचलेल्या १४ वर्षांच्या मुलीने केलेले अचूक वर्णनही बाजूला पडले. सटक्लिफची नऊ वेळा चौकशी झाली आणि नऊही वेळा तो मोकळा सुटला. बाईचे शील मोजत बसणाऱ्या पोलिसांना समोर बसलेला खुनी दिसला नाही! वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी आपल्या त्या भाषेची माफी मागितली ती २०२० मध्ये.

बलात्कारपीडितेच्या चारित्र्यावर कोर्टात चिखल उडवण्याची कायदेशीर मुभा आपण २००३ मध्ये रद्द केली. मग खून झालेल्या बाईचा गुन्हा काय? ती तर उठून उत्तरही देऊ शकत नाही. केस डायरी, म्हणजे पोलिसांनी ठेवलेली तपासाची नोंद, मागण्याचा हक्क आरोपीलाही नाही. मग मयताचे चॅट आणि फोटो ‘सूत्रां’च्या हवाल्याने वाहिन्यांवर झळकतात कसे? पोलिसांनी माध्यमांशी कसे बोलावे याची नियमावली करा, असे सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सप्टेंबर २०२३ मध्ये बजावले होते. अशी नियमावली कागदावर असून भागत नाही. तिला दात हवेत.

मयताच्या खासगी आयुष्यातली जी गोष्ट गुन्हा शाबीत करते, ती दोषारोपपत्रात मांडा. बाकीची तपासाच्या कागदांतच राहू द्या. जिथून माहिती फुटेल तिथल्या अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी करा. पत्रकार परिषदेत मयताच्या चारित्र्याबद्दल अवाक्षर काढणाऱ्याच्या हातून तपास त्याच दिवशी काढून घ्या. मेलेली व्यक्ती कशी जगली, याचा जाब तिला विचारणारे पोलीस कोण? तिला कोणी मारले, याचा जाब त्यांनीच द्यायचा आहे, आणि समाजाने तो मागितलाच पाहिजे!